ग्रीस ट्रॅप

ग्रीस ट्रॅप म्हणजे उपाहारगृहे, खानावळी, वसतिगृहांची व रुग्णालयांची स्वयंपाकघरे, फरसाण व मिठाईचे कारखाने, मांसप्रक्रिया केंद्रे अशा ठिकाणच्या सांडपाण्यातील तेल, तूप, लोणी व चरबी सार्वजनिक मलवाहिनीत जाण्यापूर्वी अडवून धरणारी टाकी होय. तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि पाणी संथ झाले की ते वर येते, एवढ्या एकाच तत्त्वावर ही टाकी चालते. तिच्यात बहुधा कोणताही फिरता भाग नसतो व तिला वीजही लागत नाही. मात्र ती तेल नष्ट करत नाही, फक्त साठवते. त्यामुळे ठरावीक काळाने रिकामी न केलेली टाकी आणि टाकीच नसणे यांत व्यवहारात फरक उरत नाही. मराठीत या साधनासाठी निराळा शब्द रूढ झालेला नाही. हॉटेलचालक, प्लंबर आणि नगरपालिकेचे अभियंते सर्वजण 'ग्रीस ट्रॅप' असेच म्हणतात. येथे 'ग्रीस' या शब्दाने यंत्रांना लावायचे वंगण नव्हे, तर खाद्यपदार्थांतील स्निग्धांश अभिप्रेत आहे.

मलवाहिनीत तेलाचे काय होते

गरम पाण्याबरोबर मोरीतून गेलेले तेल पुढे थंड होऊन नळाच्या भिंतीला गोठते, हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. वनस्पती तूप, खोबरेल तेल किंवा मटणाची चरबी थंडाव्यात गोठते हे खरे. पण शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन यांचे तेल भारतातील हवामानात गोठत नाही. तरीही अशा तेलांनी नळ तुंबतात आणि तुंबलेला माल फोडून पाहिला तर तो मऊ तुपासारखा नसून चुनखडीच्या ढेकळासारखा कडक निघतो. याचे कारण रासायनिक आहे.

तळताना उच्च तापमानामुळे आणि अन्नातील पाण्याच्या अंशामुळे तेलातील रेणू तुटून मुक्त मेदाम्ले तयार होतात. सांडपाण्यातील जीवाणूही हेच काम करतात. या मेदाम्लांची पाण्यातील किंवा काँक्रीटच्या नळातून झिरपणाऱ्या कॅल्शिअमशी गाठ पडली की कॅल्शिअमचा साबण तयार होतो. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण सोडिअम अथवा पोटॅशिअमचा असल्याने पाण्यात विरघळतो. कॅल्शिअमचा साबण विरघळत नाही. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यात साबणाला फेस न येता बादलीच्या कडेला जो पांढुरका, चिकट थर बसतो तो हाच पदार्थ. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८ ते २०११ या काळात मलवाहिन्यांतील अशा थरांचे पृथक्करण करून त्यांत मेदाम्लांचे कॅल्शिअम क्षार मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवले. गटारात तेल साचते असे म्हणण्यापेक्षा गटारात साबण 'शिजतो' असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

हा थर एकदा बसला की त्यावर केस, भाताची शिते, भाज्यांचे देठ, कापडाचे धागे आणि ओले टिश्यू अडकतात व नळाचा व्यास आतून कमी होत जातो. प्रवाह मंदावला की तळाशी गाळ बसतो. गाळात प्राणवायू नसल्याने तेथील जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. नळाच्या वरच्या ओलसर भागात त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनते आणि ते काँक्रीट खाते. काँक्रीट झिजले की आणखी कॅल्शिअम मोकळे होते, म्हणजे साबणाला नवा कच्चा माल मिळतो. थर, वायू आणि झीज यांचे हे चक्र जमिनीखाली वर्षानुवर्षे कुणाच्याही नकळत चालू राहते. ते उघडकीला येते ते मॅनहोलमधून मैलापाणी रस्त्यावर आल्यावर किंवा तळमजल्यावरील शौचालयातून उलटे वर चढल्यावर.

जे तेल वाटेत अडकत नाही ते मलजल शुद्धीकरण केंद्रात पोहोचते. तेथे त्याचा तवंग पाण्यात हवा मिसळण्याच्या कामात अडथळा आणतो आणि मेदाम्लांवर पोसणारे तंतुमय जीवाणू वाढून टाक्यांवर दाट तपकिरी फेस चढतो.

रचना व कार्य

टाकीची सर्वसाधारण रचना दोन कप्प्यांची असते. पाणी एका बाजूने आत येते. आत येताच एका आडव्या आलेल्या भिंतीवर आदळून त्याचा वेग मोडतो. जड अन्नकण तळाशी बसतात, तेल वर येते आणि मधल्या थरातील तुलनेने स्वच्छ पाणी मधल्या भिंतीखालून दुसऱ्या कप्प्यात जाते. बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड पृष्ठभागापासून बरेच खाली ठेवलेले असते. त्यामुळे वरचा तेलाचा थर जागच्या जागी राहतो आणि पाणी खालून उचलले जाते. रचनेचे मर्म या बुडालेल्या तोंडात आहे. ते तुटले किंवा स्वच्छतेच्या वेळी काढून पुन्हा बसवले नाही, तर टाकी बाहेरून ठाकठीक दिसते आणि तेल सरळ पुढे जाते. शौचालयाची जोडणी या टाकीला कधीही दिली जात नाही.

टाकी किती मोठी हवी, हे तेलाच्या थेंबाच्या आकारावरून ठरते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार थेंबाचा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेलाची घनता पाण्याच्या ०.९२ पट धरल्यास ०.१ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाला ६० सेंटिमीटर वर येण्यास सुमारे २३ मिनिटे लागतात. थेंब याच्या एक दशांश झाला तर हाच वेळ शंभरपट, म्हणजे जवळजवळ ३८ तास होतो. मोठ्या भूमिगत टाक्यांत पाणी सुमारे अर्धा तास थांबावे, या प्रचलित नियमामागील गणित यावरून लक्षात येते. गर्दीच्या वेळी मिनिटाला ६० लिटर पाणी सोडणाऱ्या स्वयंपाकघराला या हिशेबाने १,८०० लिटरची टाकी लागते. सिंकखाली बसवलेल्या छोट्या पेटीत पाणी मिनिटभरच थांबते. म्हणून अशा पेटीआधी प्रवाह रोखणारी चकती बसवणे आवश्यक असते आणि तिची सफाई रोज किंवा दर आठवड्याला करावी लागते.

याच गणितावरून हेही स्पष्ट होते की भांडी धुण्याचे कडक साबण व उकळते पाणी या टाकीचे शत्रू आहेत. साबण तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून त्यांचे पायस बनवतो. तसे थेंब अर्ध्या तासात वर येत नाहीत. 'भरपूर गरम पाणी आणि साबण ओतला की नळ मोकळा होतो' हा अनेक स्वयंपाकघरांतील उपाय तेल नाहीसे करत नाही, तर आपल्या नळातून काढून शेजारच्या रस्त्याखालील नळात नेऊन ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या विकरयुक्त द्रावणांबाबतही हीच अडचण आहे. लायपेज हे विकर तेलाचे विघटन करते खरे, पण त्यातून मुक्त मेदाम्लेच निघतात, म्हणजे कॅल्शिअम साबणाचा नेमका कच्चा माल. अमेरिकेतील अनेक नगरपालिकांनी ग्रीस ट्रॅपमध्ये अशी द्रावणे टाकण्यास मनाई केली आहे.

निगा

वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ यांची एकत्रित जाडी टाकीतील पाण्याच्या खोलीच्या चतुर्थांश झाली की टाकी रिकामी करावी, असा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. त्यापुढे पाण्याला थांबण्यासाठी जागा उरत नाही आणि कार्यक्षमता झपाट्याने घसरते. रिकामी करताना केवळ वरची साय काढून चालत नाही. पाणी व गाळासह सर्व काही पंपाने उपसून भिंती खरवडाव्या लागतात.

टाकीवरचा भार कमी करण्याचे उपाय त्याहून साधे आहेत. ताटे व कढया धुण्यापूर्वी कागदाने किंवा रबरी पट्टीने पुसणे, सिंकच्या तोंडाशी जाळी ठेवणे आणि तळणीचे तेल कधीही मोरीत न ओतता डब्यात साठवणे, एवढ्यानेच सांडपाण्यातील तेल बरेच घटते. चुलीतील राख व नारळाच्या काथ्याने भांडी घासण्याच्या जुन्या पद्धतीत तेलाचा मोठा भाग राखेत शोषला जाऊन उकिरड्यावर जाई. त्यामागे गटाराचा विचार होता असे मात्र नाही. तेव्हा बहुतेक घरांना गटारच नव्हते.

लंडनमधील फॅटबर्ग

या साधनाचे एक पेटंट अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाथानिएल व्हायटिंग यांच्या नावे दिले गेले आणि मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. तरीही हा विषय जगभर चर्चेत आला तो एकविसाव्या शतकात, लंडनमुळे.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या असह्य दुर्गंधीनंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी लंडनच्या भूमिगत मलवाहिन्यांचे जाळे उभारले. विटांच्या या प्रशस्त वाहिन्या आजही वापरात आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये शहराच्या नैर्ऋत्येकडील किंग्स्टन भागात शौचालयांचे पाणी उतरत नसल्याच्या तक्रारी आल्या आणि शोधाअंती वाहिनीत सुमारे १५ टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला. 'फॅट' व 'आइसबर्ग' या शब्दांची सांगड घालून बनलेला 'फॅटबर्ग' हा शब्द त्यानंतर सर्वतोमुखी झाला. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशाने त्याची नोंद घेतली.

सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल येथे जो फॅटबर्ग सापडला त्याची लांबी सुमारे २५० मीटर आणि वजन सुमारे १३० टन होते. उच्च दाबाचे फवारे आणि फावडी घेऊन तो फोडण्यास कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा काही भाग जैवडिझेलसाठी पाठवण्यात आला आणि एक तुकडा फेब्रुवारी २०१८ पासून म्युझियम ऑफ लंडनमध्ये बंद पेटीत मांडण्यात आला. प्रदर्शन चालू असताना पेटीत माश्या निपजल्या, त्यामुळे प्रेक्षकांची संख्या घटली असे मात्र दिसत नाही. फॅटबर्ग हा केवळ जुन्या किंवा मोठ्या शहरांचा प्रश्न नाही. जानेवारी २०१९ मध्ये डेव्हन परगण्यातील सिडमथ या छोट्या किनारी गावात ६४ मीटर लांबीचा गोळा आढळल्याचे जाहीर झाले.

दोष केवळ हॉटेलांच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. ब्रिटनमधील जलकंपन्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तुंबलेल्या ठिकाणांहून काढलेल्या ओळखता येण्याजोग्या वस्तूंपैकी सुमारे ९३ टक्के माल ओल्या टिश्यूंचा होता आणि तो बहुतांशी घरांतून आलेला होता. टिश्यू सांगाड्याचे काम करतात आणि साबण चुन्याचे. दोहोंपैकी एक जरी रोखला तरी गोळ्याची वाढ मंदावते. व्यवसायांवर लक्ष केंद्रित करण्याचे कारण व्यावहारिक आहे: लाखो घरांपेक्षा काही हजार स्वयंपाकघरे तपासणे शक्य असते.

कायदे व मानके

ब्रिटनमध्ये १९९१ च्या जलउद्योग कायद्याच्या कलम १११ नुसार मलवाहिनीचा मुक्त प्रवाह अडेल असा पदार्थ तिच्यात सोडणे गुन्हा आहे. इंग्लंडच्या इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेत गरम खाद्यपदार्थ विकणाऱ्या जागांत युरोपीय मानक ईएन १८२५ नुसार ग्रीस विभाजक बसवण्याची शिफारस आहे. अमेरिकेत प्रवाहाला अडथळा आणणारे घन वा घट्ट पदार्थ सार्वजनिक वाहिनीत सोडण्यास संघराज्याच्या नियमांनी मनाई केलेली असून तपशील नगरपालिका ठरवतात. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये तेथील संसदेला सादर केलेल्या अहवालानुसार नोंदवल्या गेलेल्या अडथळ्यांपैकी ४७ टक्के अडथळे ग्रीसमुळे निर्माण झाले होते.

नियम असणे आणि ते पाळले जाणे यांतील अंतर आयर्लंडच्या राजधानीच्या उदाहरणावरून समजते. डब्लिन नगर परिषदेने २००८ मध्ये खाद्य व्यवसायांसाठी सांडपाण्याचा परवाना सक्तीचा केला आणि निरीक्षक प्रत्यक्ष स्वयंपाकघरात जाऊन टाकी व सफाईच्या नोंदी तपासू लागले. पुढील काही वर्षांत ग्रीसमुळे वाहिन्या तुंबण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. टाकीचे तंत्र तेच होते; तपासणी नवी होती.

भारतातील स्थिती

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांतील सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तेल व ग्रीसचे प्रमाण लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. नदी, तलाव अशा अंतर्गत जलसाठ्यांसाठी ही मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा किती कडक आहे हे चमचाभर तेलावरून कळते. ५ मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ४.६ ग्रॅम भरते. तेवढे तेल २३० लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत पोहोचवते. १ लिटर तळणीचे तेल ओतले तर त्यासाठी ४६,००० लिटर पाणी लागेल. ग्रीस ट्रॅपशिवाय चालणाऱ्या व्यावसायिक स्वयंपाकघराला ही मर्यादा पाळणे जवळजवळ अशक्य आहे.

भारतीय शहरांत आणखी एक गुंतागुंत आहे. मुंबईत पावसाळी पाण्याच्या वाहिन्या आणि मलवाहिन्या यांची रचना स्वतंत्र आहे. मलवाहिनीत गेलेले पाणी निदान शुद्धीकरण केंद्राच्या दिशेने जाते. पावसाळी गटारात ओतलेले तेल नाल्यातून थेट खाडीला व समुद्राला मिळते. खाऊगल्लीतील हातगाडीला मलवाहिनीची जोडणीच नसते आणि तिचे धुण्याचे पाणी जवळच्या जाळीत जाते. पक्क्या हॉटेलांसाठी लिहिलेले टाकीचे नियम अशा विक्रेत्याला लागू करता येत नाहीत. अनेक गाड्यांना मिळून एक सामायिक धुण्याची जागा व एक टाकी हा त्यावरील अधिक व्यवहार्य मार्ग आहे.

तुंबलेल्या वाहिनीची किंमत भारतात पैशांत मोजून संपत नाही, कारण ती मोकळी करण्यासाठी अनेकदा माणूस खाली उतरवला जातो. तळाशी साठलेला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. हवेतील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांपर्यंत गेले की नाकाची संवेदना बधिर होते आणि सडक्या अंड्यांचा वास येईनासा होतो; धोका टळला असे वाटते तेव्हाच तो वाढलेला असतो. त्याहून बऱ्याच अधिक प्रमाणात काही श्वासांतच शुद्ध हरपते. आधी उतरलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो, ही अशा दुर्घटनांची नेहमीची रीत आहे. जून २०१९ मध्ये गुजरातमधील डभोईजवळ एका हॉटेलची मलटाकी साफ करताना ७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सफाई कामगारांबरोबर हॉटेलचे कर्मचारीही होते. ती ग्रीस ट्रॅपची टाकी नव्हती. पण दीर्घकाळ न उपसलेल्या मोठ्या भूमिगत ग्रीस ट्रॅपमध्येही हाच वायू साचतो.

हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ अन्वये संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनी वा मलटाकीची धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये केली. वाहिनीत उतरावे लागू नये यासाठी दाबाच्या पाण्याची व शोषण यंत्रांची वाहने आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे वापरात आलेला 'बँडिकूट' हा यंत्रमानव अशी साधने उपलब्ध आहेत. साबणासारखा कडक झालेला थर मात्र यंत्रालाही सहज सुटत नाही. तो सळई व फावड्याने फोडावा लागतो, आणि यंत्र थकले की पुन्हा माणसाची आठवण होते.

साठलेल्या ग्रीसचे पुढे काय होते

व्यवसायात दोन प्रकार मानले जातात. तळणीच्या कढईतून थेट डब्यात काढलेले तेल तुलनेने स्वच्छ असते आणि त्याला पैसे मिळतात; त्यास 'पिवळे ग्रीस' म्हणतात. ट्रॅपमधून उपसलेले 'तपकिरी ग्रीस' पाणी, अन्नकण व साबण मिसळलेले असते आणि ते नेण्यासाठी उलट पैसे द्यावे लागतात. टाकी वेळेवर रिकामी न होण्याचे मूळ बव्हंशी या फरकात आहे.

पिवळ्या ग्रीसला किंमत असल्यामुळे त्याचा दुसरा धोका उद्भवतो: ते पुन्हा स्वयंपाकात येते. चीनमध्ये गटारांतून व टाक्यांतून काढलेले तेल शुद्ध करून खाद्यतेल म्हणून विकण्याचे प्रकार उघडकीला आल्यावर २०११ मध्ये अनेक प्रांतांत धरपकड झाली. २०१४ मध्ये तैवानमध्येही असा घोटाळा गाजला. भारतात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते वापरण्यास मनाई केली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वापरलेले तेल गोळा करून त्याचे जैवडिझेल बनवण्यासाठी 'रुको' हा उपक्रम सुरू केला. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवणे व ते अधिकृत संकलकाकडे देणे बंधनकारक आहे. नियमाचा मूळ हेतू आरोग्याचा असला तरी डब्यात गेलेले प्रत्येक लिटर तेल गटारात जाण्यापासूनही वाचते.

तपकिरी ग्रीसचे जैवडिझेल करणे अवघड आहे. त्यातील मुक्त मेदाम्ले नेहमीच्या अल्कलीयुक्त प्रक्रियेत पुन्हा साबण बनवतात, म्हणून आधी आम्लाच्या साहाय्याने त्यांचे रूपांतर करावे लागते व खर्च वाढतो. त्याचा अधिक सोपा उपयोग बायोगॅस संयंत्रात होतो. वजनाच्या मानाने स्निग्ध पदार्थांपासून पिष्टमय पदार्थांपेक्षा कितीतरी अधिक मिथेन मिळतो, त्यामुळे मलजल केंद्रातील गाळाबरोबर मोजक्या प्रमाणात ग्रीस मिसळल्यास वायूचे उत्पादन वाढते. प्रमाण मोजके ठेवावे लागते, कारण मेदाम्ले एकदम वाढल्यास मिथेन तयार करणारे जीवाणू मंदावतात आणि संयंत्र पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे जाऊ शकतात.